लोडरच्या तोंडाला काय लावायचं?

गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे नाशिककर बातम्यांत ऐकतात, पण पूर मोजतात तो गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, एवढं सांगितलं की भांडीबाजारातल्या दुकानदाराला माल वर हलवायचा की नाही ते कळतं. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमधले पूर इथे अजून याच मापाने आठवतात. पूर ओसरला की पुलावरची गर्दी पांगते आणि घाटावर गाळ उरतो. त्यात काळी माती, वाळू, प्लॅस्टिक, निर्माल्य, टपऱ्यांचे पत्रे आणि रामकुंडावर सोडून दिलेली लुगडी-धोतरं असं सगळं कालवलेलं असतं. हे उचलायला यंत्रं येतात. ती कोणती, किती अश्वशक्तीची, याची चर्चा होते. त्यांच्या तोंडाला काय लावलं आहे, हे मात्र फारसं कोणी बघत नाही. मला तिथेच बघत उभं राहायची खोड आहे.

आपल्याकडे पिवळं दिसलं की जेसीबी. १९४५ साली जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या इंग्रज माणसाने सुरू केलेल्या कंपनीची ही आद्याक्षरं आता मराठीत यंत्राची जात झाली आहेत. पुढे बकेट आणि मागे खोदायचा हात असलेलं यंत्र म्हणजे बॅकहो लोडर. दुसरा प्रकार नुसत्या ‘लोडर’चा. चार मोठी चाकं, पुढे एकच रुंद बकेट आणि वळताना कमरेत मोडणारी चौकट. हा दुसरा गडी शहरात कमी दिसतो. त्याला बघायचं तर विल्होळी-सारूळच्या बाजूला खडी क्रशरवर जावं.

क्रशरवर बकेटचं शास्त्र उघड्यावर मांडलेलं असतं. सुरुंगाने फुटलेला काळा पाषाण उचलायचा तर बकेटच्या ओठाला दात लागतात. यंत्राचा सगळा रेटा मोजक्या टोकांवर येतो, टोकं दगडांच्या फटीत घुसतात आणि ढीग सैल होतो. दात झिजले की पिन ठोकून काढायची, नवे बसवायचे. तिथून थोड्या अंतरावर तयार खडीचा ढीग असतो. त्या ढिगाला दाताची बकेट लावली तर ती खालची माती ओरबाडून खडीत मिसळते, आणि मातीची खडी काँक्रीट प्लांटवाला परत पाठवतो. म्हणून तिथे सरळ, सपाट धारेची बकेट. नट-बोल्टने बसवलेली ही पोलादी पट्टी एका बाजूने झिजली की उलटून लावतात. आवार एक आणि कंपनीही एक, तरी दोन ढिगांना दोन वेगळी तोंडं लागतात. ढिगात काय आहे आणि ढिगाखाली काय आहे यावर ते ठरतं.

गोदाघाटावर गाळाखाली फरसबंदी असते. दगडांच्या सांध्यांतला चुना किंवा सिमेंट पुराने आधीच धुतलेलं असतं. दाताचं टोक अशा सांध्यात अडकलं की मागचं सात-आठ टनांचं यंत्र थांबत नाही; दगडच कोपऱ्यातून वर येतो. पटांगणावर एका सकाळी मी हे होताना पाहिलं आहे. एवढा जाड दगड, पण उचकटला गेला तेव्हा फारसा आवाजही झाला नाही. ऑपरेटरला तो केबिनमधून दिसणंही शक्य नव्हतं, कारण त्याच्यासमोर चिखलाचा ढीग होता.

दुसऱ्या टोकाला एक वयस्कर ऑपरेटर सपाट धारेने काम करत होते. चहाच्या वेळी मी विचारलं, “काका, तुमच्या बकेटला दात कसे नाहीत?” ते म्हणाले, “दात खोदायला असतात. हितं खोदायचंय का? बकेट टेकवायची, दाबायची नाही. दांडा पार पुढं सोडून द्यायचा. मग ती आपली आपण जमीन बघत जाते.” तांत्रिक भाषेत याला फ्लोट म्हणतात. हायड्रॉलिकचा दाब सुटतो आणि बकेट स्वतःच्या वजनाने खालच्या उंचसखल भागावरून तरंगत सरकते. दाताच्या बकेटला ही सोय पुरत नाही; तरंगता तरंगता ती सांध्यात घुसतेच. शिवाय दातांत साड्या गुंततात, त्या काढायला हेल्परला खाली उतरावं लागतं.

खालची जमीन न दुखावता वरचा थर काढायचा हा प्रश्न बर्फाच्या देशांत फार बारकाईने सोडवलेला आहे. कॅनडात हिवाळ्यात बांधकामं मंदावतात, मग तिथला लोडर बकेट उतरवून बर्फाचा फाळ लावतो आणि मॉलच्या पार्किंगमध्ये कामाला लागतो. टोरांटोकडची मराठी घरं पहाटे त्याच्याच खरखरीने जागी होतात. फाळ निवडताना तिथला कंत्राटदार आधी रुंदी बघतो, आणि त्यात एक गंमत आहे. फाळ तिरका केला की बर्फ कडेला पडतो, पण तिरका केल्यावर तो अरुंद होतो. तीन मीटरचा फाळ तीस अंशांत वळवला की साफ होते ती जेमतेम २.६ मीटरची पट्टी. लोडर टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत अडीच मीटर रुंद असेल तर हिशेब काठावर बसतो. याहून लहान फाळ घेतला तर यंत्र स्वतःच न काढलेल्या बर्फावर चढतं आणि तो दाबून कडक करतं. मग धारेचा प्रश्न. डांबरावर पोलाद चालतं. विटांच्या किंवा फरशीच्या अंगणात रबराची धार लावतात. काही फाळांची धार मॅनहोलच्या वर आलेल्या झाकणाला ठेचली तर स्प्रिंगवर मागे मुडपते आणि पुन्हा जागेवर येते. खडीच्या रस्त्यावर फाळाखाली पोलादी पायताणं बसवतात, म्हणजे धार जमिनीपासून बोटभर वर राहते. हिमालयात ही चैन नाही. २०२३मध्ये सीमा सडक संघटनेने झोजिला खिंडीतला रस्ता ६८ दिवसांनी उघडला. तिथल्या बर्फाच्या भिंतींपुढे फाळ अपुरा पडतो. आधी डोझर आणि बर्फ कातरून लांब फेकणारी यंत्रं लागतात.

मग हा फाळ घाटावर का नको? मलाही आधी वाटलं होतं की रबरी धारेचा फाळ आणला की काम झालं. अडचण वजनाची आहे. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरतो, ओला आणि दबलेला चारशे-पाचशे. ओला गाळ त्याच घनमीटरला दीड टनाच्या पुढे जातो. आपल्या जिल्ह्यात बर्फाच्या जवळ जाणारा माल शोधायचा तर तो साखर कारखान्याच्या आवारात सापडेल: सैल बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. तो ढकलणाऱ्या लोडरला ऐसपैस मोठी बकेट लावतात आणि ती शोभतेही. तीच बकेट कोणी हौसेने गाळात घातली तर मागची चाकं उचलली जातील. लोडर पूर्ण वळलेला असताना जेवढ्या वजनाला तो पुढे कलंडतो, त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त ओझं बकेटमध्ये घ्यायचं नाही, असा या धंद्यातला नियम आहे. त्यातून बकेटचं स्वतःचं वजन वाढलं की मालाचं कमी करावं लागतं.

दुसरी अडचण वजनापेक्षा मोठी. बर्फ कडेला लोटला तरी चालतो, ऊन पडलं की वितळेल. गाळ कडेला लोटला तर ती कडा नदीची असते. घाटावर मोह तोच होतो: बकेटने ढकला, पाइपने पाणी मारा, गोदावरीतून आलं ते गोदावरीत गेलं. पण त्यात भरपूर प्लॅस्टिक असतं, आणि ते पुढच्या गावाच्या काठाला लागतं. म्हणून गाळ उचलून डंपरमध्ये भरायलाच हवा, आणि भरायचा तर फाळ उपयोगाचा नाही, बकेटच लागते. माझ्या मते घाटासाठी योग्य हत्यार म्हणजे मध्यम आकाराची, सपाट धारेची बकेट आणि धारेखाली जाड रबराची पट्टी. क्रशरवर कन्व्हेअरचे जुने पट्टे निघतात. त्यातला कापून, छिद्रं पाडून, बोल्टने कसला तरी चालेल. रबर गाळाचा पातळ थर मागे ठेवतं हे खरं, पण तो थर पाण्याने जातो. उचकटलेला दगड पुन्हा बसवायला गवंडी लागतो, आणि जुन्या घडणीचा दगड बसवणारा गवंडी सहज मिळत नाही.

पायऱ्यांवर यातलं काहीच चालत नाही. तिथे सफाई कामगार आणि त्यांची फावडी, घमेली. बोळांतून बॉबकॅटसारखा छोटा लोडर शिरतो, पण दोन पायऱ्या आल्या की तोही थांबतो. वेळही थोडा मिळतो. गाळ ओला असेपर्यंत सरकतो; कडक ऊन पडलं की वाळून फरशीला धरतो, आणि मग लोक दाताची बकेट मागवतात. घाईतलं काम लांबलं की दगड जातात ते असे.

२०२७च्या सिंहस्थापूर्वी घाटावर बरीच यंत्रं फिरतील, आणि कुंभाची मुख्य स्नानं पावसाळ्यातच येतात. यंत्र भाड्याने घेताना आपण तासाचा दर, डिझेल कोणाचं आणि ऑपरेटरचा भत्ता विचारतो. त्याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचारता येतात: बकेटला दात आहेत की सपाट धार, ती धार किती झिजली आहे, आणि दांडा फ्लोटला जातो का. तिसऱ्या प्रश्नाला पलीकडून “तो चालत नाही, पण काम होऊन जाईल” असं उत्तर आलं, तर ते यंत्र मातीच्या कामावर पाठवावं आणि घाटासाठी दुसरीकडे फोन लावावा.