यादीत नाव नसलेले रुग्णालय आणि आपले लेकरू

पगारचिठ्ठी आली की हातात किती पडले ते आपण आधी पाहतो. कापले किती आणि कशासाठी, हे पाहणारे फार थोडे. त्या कपातीत 'ईएसआय' असा एक रकाना असतो. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या, या योजनेखाली येणाऱ्या कामगाराचा पाऊण टक्का त्यात जातो आणि मालकाला सव्वातीन टक्के भरावे लागतात. पगार १० हजार असेल तर तुमचे ७५ रुपये आणि मालकाचे ३२५. या पैशातून कामगाराबरोबर त्याच्या बायकोमुलांचेही औषधपाणी होते, आणि उपचाराच्या खर्चाला रकमेची मर्यादा नाही.

ही योजना कुणाच्या मेहरबानीने आलेली नाही. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्याच काळात, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. पहिल्यांदा उपचार फक्त कामगारालाच मिळत, कुटुंबाचा समावेश पुढे झाला. बाबासाहेब आणि रमाई यांनी पोटची चार लेकरे गमावली होती. राजरत्न १९२६ साली गेला. ज्या घराने हे दुःख सोसले, त्याच घरातला माणूस मजूरमंत्री असताना कामगाराच्या आजारपणाचा विचार सरकारदरबारी सुरू झाला, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

आता अडचणीचे बोलू. ताप-खोकल्याला विमा दवाखाना किंवा पॅनल डॉक्टर पुरतो. मोठा आजार निघाला तर कामगार रुग्णालय, आणि तिथे सोय नसेल तर तिथूनच चिठ्ठी घेऊन करार असलेल्या खासगी रुग्णालयात जायचे, अशी ही वाट आहे. पण लेकराला रात्री दोनला झटके आले, तर आई चिठ्ठीची वाट पाहत बसेल काय? ती जवळचा दवाखाना गाठणार. तो यादीत आहे की नाही, हे तेव्हा कोण विचारतो!

जिवावरच्या प्रसंगी असे नेता येते. रुग्णालय यादीतले असेल तर बिल योजनेकडे जाते. यादीबाहेरचे असेल तर आधी आपण भरायचे आणि मग परत मागायचे. परत मिळते ते केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या दराने, आणि खासगी रुग्णालयाचे बिल त्याहून बरेच जास्त असू शकते. वरची रक्कम आपल्याच डोक्यावर बसते. आमच्या मते योजनेतील हे मोठे वैगुण्य आहे, कारण कर्ज काढायची वेळ ज्याच्यावर येते त्याच्यासाठीच तर विमा असतो. म्हणून मूल जरा स्थिरावले की लगेच विमा दवाखान्याला किंवा शाखा कार्यालयाला कळवावे. डिस्चार्ज कार्ड, सगळी मूळ बिले, तपासण्यांचे कागद आणि 'तातडीने दाखल करणे आवश्यक होते' असा डॉक्टरांचा लेखी दाखला सांभाळून ठेवावा. दावा बहुधा अडतो तो या दाखल्यावाचून.

यादीत नाव नाही, एवढ्याच कारणावरून पैसे नाकारता येत नाहीत. केंद्र सरकारच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच सांगितले: उपचार खरोखर झाले का आणि कागदपत्रे त्याला आधार देतात का, हे पाहायचे. त्याआधीचा निकाल तर आपल्यासारख्याच माणसाचा आहे. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर रेल्वेतून पडला. त्याच्या डोक्याला जबर मार लागला होता, तरी एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठविले. शेवटी खासगी रुग्णालयात १७ हजार रुपये घालवून तो वाचला. १९९६ मध्ये न्यायालयाने त्याला २५ हजारांची भरपाई दिली आणि वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग ठरविला. हे कलम कुणाच्या लेखणीतून आले, ते वाचकांना सांगायला नको.

ज्यांना ईएसआय लागू नाही, अशा घरकाम करणाऱ्या भगिनी, नाका कामगार, रिक्षावाले यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. दर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण यादीतल्याच रुग्णालयात आणि ठरलेल्या आजारांवरच. जवळचे रुग्णालय कोणते, हे १५५३८८ या क्रमांकावर आजच विचारून रेशनकार्डाच्या पिशवीत लिहून ठेवावे. दाराशी गेल्यावर 'आरोग्यमित्र' कुठे बसतो ते विचारावे.

तिसरी वाट फारशी कुणी सांगत नाही. मोठमोठी नामांकित खासगी रुग्णालये पुष्कळदा धर्मादाय विश्वस्त संस्थांची असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवायच्या असतात. तातडीच्या वेळी अनामत रक्कम न मागता रुग्णाला दाखल करून घ्यायचे, असेही त्यात आहे. त्यासाठी रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. काउंटरवर 'खाट रिकामी नाही' म्हणाले तर ते लेखी मागावे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्यावी. तोंडी नकार द्यायला कुणाला काही लागत नाही. कागद मागितला की पुष्कळांचा आवाज बदलतो.

जन्मतः हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ मध्ये तो आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. पथकाने चिठ्ठी दिली तर ती घेऊन आठवड्याच्या आत जिल्हा रुग्णालय गाठावे.