घर कोणत्या चौकोनात लिहायचं?

बँकेच्या कर्जविभागात असताना माझ्या टेबलावरून किती प्रोजेक्ट रिपोर्ट गेले, याचा हिशेब नाही. पिठाची गिरणी, शिकवणी वर्ग, डेअरी, फरशी पॉलिशचं यंत्र. बहुतेकांत शेवटाकडे एक पान ठरलेलं असायचं: एक चौकट, तिच्यात चार चौकोन. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘स्वॉट’ म्हणतात. १९६०च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत रुळली आणि तिथून जगभरच्या मॅनेजमेंट कॉलेजांत गेली. खरं सांगतो, मी ते पान न वाचताच उलटत असे. बलस्थान: मेहनती मालक. उणीव: भांडवल कमी (म्हणून तर आमच्याकडे आले!). संधी: वाढती मागणी. धोका: स्पर्धा. डेअरीवाल्याचं पान शिकवणीवाल्याच्या फाइलला लावलं असतं, तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं.

त्यामुळे माझी पुतणी पुण्याची नोकरी सोडायच्या बेतात घरी आली आणि तिनं तेच चार चौकोन लॅपटॉपवर उघडून दाखवले, तेव्हा माझा चेहरा बघून ती म्हणाली, “काका, तुम्ही आधी वाचा तरी.”

वाचलं. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची आणि चकलीची भाजणी, शिवाय दिवाळीत फराळ. आधी ग्वाल्हेरची मराठी घरं, मग झाशी, इंदूर, दिल्ली. जनकगंजातल्या आमच्या वडिलोपार्जित घराच्या खालच्या मजल्यावर कारखाना, आणि यंत्रांसाठी त्याच घरावर कर्ज. बलस्थानांत पहिली ओळ ‘आजीच्या हातची चव’, दुसरी ‘स्वतःची जागा’. दादा, म्हणजे तिचे वडील, खुर्चीत पेपर धरून बसले होते. पान मात्र उलटत नव्हते.

आपल्याकडे अशा वेळी घरातली मोठी माणसं दोनच गोष्टी म्हणतात. एक, “मराठी माणसाचं काम नाही हे.” दुसरी, “कर गं, आम्ही आहोत.” दोन्हीचा उपयोग सारखाच. मी तिला म्हटलं, उद्या सकाळी माझ्याबरोबर बिर्लानगरला चल.

तरुण वाचकांपैकी अनेकांना बिर्लानगर म्हणजे स्टेशनचं नाव, एवढंच ठाऊक असेल. माझ्या लहानपणी ते आमचं घड्याळ होतं. वडील जियाजीराव कॉटन मिलमध्ये विणाई खात्यात होते आणि भोंग्यावर घरचा चहा व्हायचा. ही गिरणी घनश्यामदास बिर्लांनी १९२१ मध्ये, माधवराव महाराज शिंद्यांच्या कारकिर्दीत काढली. जमीन मिळाली, दरबाराचा पाठिंबा मिळाला, आसपास मजूर होते. त्या वर्षी कुणी स्वॉट मांडला असता, तर बलस्थानांचा चौकोन भरून वाहिला असता.

याच गावात, याच उद्योगसमूहानं, २५ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, दुसरी कंपनी नोंदवली: ग्वालियर रेयॉन. ही कृत्रिम रेशमाचं कापड विणणारी. दोन्ही गिरण्यांचं काम एकच, कापड विणायचं. पण पुढे दोघींच्या वाटा फाकल्या त्या कच्च्या मालावरून. कापूस विकणारे हजारो. रेयॉनचा धागा मात्र बाहेरून यायचा, आणि नव्या देशात परकीय चलन जपून वापरायचे दिवस होते. आयातीचा परवाना अडला की साचे थांबणार. तेव्हा ही कंपनी एक पायरी मागे गेली: १९५४ मध्ये चंबळकाठी नागद्याला तिनं तंतूच बनवायला सुरुवात केली. तंतूला लाकडाचा लगदा लागतो, म्हणून आणखी एक पायरी मागे: केरळात मावूर, कर्नाटकात हरिहर. पुढे थेट कॅनडात आणि स्वीडनमध्ये लगद्याचे कारखाने घेतले. कापडावरून तंतू, तंतूवरून लगदा, लगद्यावरून जंगल. १९८६ मध्ये कंपनीचं नाव ग्रासिम झालं आणि नावातलं ग्वाल्हेर पुसट झालं.

मायकल पोर्टर या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये एक लेख लिहिला. धंद्यातला नफा फक्त समोरचा स्पर्धक खात नाही, असं त्यांचं म्हणणं. माल पुरवणारा खातो, गिऱ्हाईक घासाघीस करून खातं, उद्या दुकान उघडणारा नवा माणूस खातो, आणि तुमच्या वस्तूऐवजी चालणारी दुसरी वस्तू खाते. ही पाच बलं. ग्वालियर रेयॉननं हा लेख छापून यायच्या पाव शतक आधीच पहिल्या बलाचं उत्तर शोधलं होतं. चौकटीमुळे शहाणपण येतं असं नाही, पण कुठे बघायचं ते तरी कळतं.

जियाजीराव मिलला मारलं ते दुसऱ्या बाजूनं. देशभरातल्या मोठ्या कापड गिरण्यांना यंत्रमागांनी घेरलं. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावचं कापड स्वस्त पडायचं, कारण एका शेडमधल्या चार मागांना गिरणीएवढा खर्च आणि गिरणीएवढे कायदे नव्हते. वरून पॉलिएस्टर आलं. मुंबईचा १९८२चा संप सगळ्यांना आठवतो, पण संप झाला नाही तिथल्या गिरण्याही पुढे बंद पडल्याच. आमच्या गिरणीला १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला टाळं लागलं.

पुतणी म्हणाली, “म्हणजे धडा हा की मागच्या पायरीवर जायचं. मी डाळी थेट शेतकऱ्याकडून घेऊ?”

नको, म्हटलं. तुला दाल बाजारात शंभर दुकानं आहेत, हरभरा डाळीवाला तुला काय अडवणार? मी तुला दुसरंच दाखवायला आणलंय. मागे जाण्याची किंमतही असते. मावूरचा कारखाना बांबूच्या टंचाईत आणि चाळियार नदीच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनात सापडला आणि २००१ मध्ये कायमचा बंद झाला. आणि मुख्य म्हणजे हे सगळे निर्णय कंपनीच्या कागदावर बरोबर होते. ‘नागदा’ ही ओळ कंपनीच्या संधीच्या चौकोनात होती. बिर्लानगरमधल्या विणकराच्या कागदावर तीच ओळ कुठे बसते? वजन दुसरीकडे सरकत गेलं आणि ग्वाल्हेरचं विणकाम शेवटी कंपनीनं सोडलं. कंपनी आज देशातल्या मोठ्यांपैकी आहे. बिर्लानगर तुझ्यासमोर आहे.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग परतीच्या वाटेवर हजीऱ्याच्या गर्दीत म्हणाली, “माझ्या कागदावर घर बलस्थानात आहे. आईबाबांच्या कागदावर ते कुठे असेल?”

मी उत्तर दिलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने तिनं कागद नव्यानं केला. माझी अट एकच होती: जी ओळ मोरेन्याच्या गजकवाल्याच्या कागदावरही चालेल, ती खोडायची. ‘आजीच्या हातची चव’ पहिल्याच दिवशी गेली. आजी प्रत्येकालाच असते. ‘वाढती मागणी’ गेली, ‘दर्जेदार माल’ गेला. ‘स्पर्धा’ या शब्दाऐवजी कोण, कुठे, किती रुपयांना विकतो हे लिहायचं ठरलं. मग कळलं की तिचा खरा स्पर्धक चितळे नाहीत. पुण्याहून परतताना पिशवीत भाजणी घेऊन येणारी मावशी, ही स्पर्धक. आणि दिवाळीच्या आठवडाभर आधी कढई चढवणारी कुठलीही वहिनी हा नवा प्रवेश करणारा धंदेवाला. त्याला ना परवाना लागतो, ना भांडवल.

फोन करून लोकांना विचारायचं तिनं ठरवलं. पहिल्या फेरीत प्रश्न होता, “आम्ही फराळ सुरू केला तर घ्याल का?” सगळे म्हणाले, अवश्य. मराठी माणूस फोनवर नाही म्हणत नाही. दुसऱ्या फेरीत मी प्रश्न बदलायला लावला: “गेल्या दिवाळीत काय विकत घेतलंत, कुठून, किती?” आता चित्र निराळं. चिवडा आणि लाडू घरोघरी होतात, कारण ते होतात तेव्हाच दिवाळी आल्यासारखं वाटतं. मेतकूट म्हाताऱ्यांच्या घरी, तेही वर्षाला एक डबा. पण चकलीची भाजणी लोकांना हवी होती (भाजायला वेळ नाही, तळायला आहे), आणि अनारसे तर हवेच होते, कारण ते करायची हिंमत कुणाचीच उरलेली नाही. शेजारच्या हिंदीभाषक काकूंनी आपणहून विचारलं, “वो पीली मीठी रोटी भी बनाओगी?” पुरणपोळी तिच्या कागदावर नव्हतीच.

आणखी एक चौकट असते, पेस्ट नावाची: राजकारण, अर्थकारण, समाज, तंत्रज्ञान. ही आपल्या गावातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. १९०५ पासून चालत आलेल्या आपल्या मेळ्यात गाड्यांचे तंबू ज्या वर्षी रोड टॅक्समध्ये निम्मी सूट जाहीर होते त्या वर्षी कसे भरतात, आणि जाहीर व्हायला उशीर झाला की डीलर कसे भोपाळकडे डोळे लावून बसतात, हे सगळ्यांनी पाहिलंय. तिच्या धंद्यातही असं एक वळण आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ती आनंदानं म्हणाली, “काका, संधी!” मी म्हटलं, नीट बघ. तुझी उलाढाल ४० लाखांच्या खूप आत, विक्री गावातच, म्हणजे तुला नोंदणीच नाही. तुझ्या मालावर कर नव्हताच. स्वस्त झालं ते मोठ्या कंपनीचं पाकीट. कालपर्यंत तुला जो थोडा वाव होता, तो आज कमी झाला. तिनं ती ओळ धोक्यांत लिहिली. थोडी नाराज झाली, पण लिहिली.

याच कागदावर तिनं शेवटी एक गोष्ट लिहिली, जी कुठल्याच पुस्तकातल्या चौकटीत मला दिसली नव्हती: कुठे थांबायचं. स्वतःच्या साठवणीतले दीड लाख, त्यापुढे एक रुपया नाही. दोन दिवाळ्या. कर्ज नाही. खालच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर दिवाळीपुरतं वापरायचं आणि आईबाबांना त्याचं भाडं द्यायचं. भाड्याची कल्पना वहिनींना मुळीच आवडली नाही. पण भाडं खर्चात धरलं नाही, तर धंदा नफ्यात आहे की आईवडिलांच्या जिवावर चाललाय, हे कळणार कसं? माझा बँकेतला सगळा अनुभव वापरून मी या एका मुद्द्यावर वहिनींशी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा जिंकलो.

गेल्या दिवाळीत पहिला प्रयोग झाला. चकलीची भाजणी वसुबारसेच्या आधीच संपली. गोडा मसाला बऱ्यापैकी गेला. अनारसे मात्र हसले. ज्यांनी कधी केले नसतील त्यांच्यासाठी सांगतो: गुळाचं प्रमाण जरा चढलं की अनारसा तुपात पसरतो, फुटतो, आणि त्याला हसणं म्हणतात. दोन घाण हसले, तूप वाया गेलं, तिसरा जमला तोवर निम्म्या ऑर्डरी परत करायची वेळ आली. आगाऊ घेतलेले पैसे तिनं घरोघरी जाऊन परत दिले. सगळा हिशेब करून शेवटी तोटा झाला, मोठा नाही, पण तोटाच.

पाडव्याला संध्याकाळी आम्ही तोच जुना कागद काढून बसलो. जे लिहिलं होतं त्यातलं काय खरं ठरलं, काय नाही, ओळीओळीनं. उणिवांत तिनं ‘अनारसे येत नाहीत’ असं स्पष्ट लिहिलं. आदल्या वर्षी हीच मुलगी तिथे ‘अनुभव मर्यादित’ असं लिहायची. संधीत पुरणपोळी आली, होळीच्या आसपासची. भाजणी वर्षभर विकता येईल का, यावर वाद झाला आणि मिटला नाही. माझं मत नाही असं आहे. तिचं हो.

दादा इतका वेळ ऐकत होते. त्यांनी पेन मागून घेतलं, चष्मा लावला आणि चार चौकोनांच्या बाहेर, कागदाच्या समासात लिहिलं: ‘घर – माझं आणि तुझ्या आईचं.’ मग कागद तिच्याकडे सरकवत म्हणाले, “आता पुढचं बोल. अनारशांचे तांदूळ यंदा कोण भिजवणार?”

वहिनी आतून म्हणाल्या, “मी. पण गुळाला कुणी हात लावायचा नाही.”