वृद्धाश्रमाची पाहणीही सरीत शिरूनच करावी



या पानावर मी नेहमी बेणे, खोडवा, पाचट आणि ठिबक यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे. पिंपळगाव बसवंत आणि आसपासच्या शिवारात ऊस नोंदीसाठी फिरताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. घर मोठे, ओसरी मोठी, आणि राहायला दोनच म्हातारी माणसे. एक मुलगा पुण्याला, दुसरा परदेशात, मुलगी सासरी. दोघांतले एक गेले की मागे राहणाऱ्याचे काय, हा प्रश्न उभा राहतो. "साहेब, आईला नाशिककडे एखाद्या आश्रमात ठेवावं म्हणतो, तुमच्या पाहण्यात चांगला आहे का?" असे मला एकाच हंगामात तीन सभासदांनी विचारले.

ठेवावे की ठेवू नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. त्यात मी पडत नाही. पण ठेवायचेच ठरले तर जागा कशी पाहावी, याबद्दल चार शब्द सांगायचे आहेत. कारण त्या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे.

बांधावरून ऊस चांगलाच दिसतो

२००२ साली लोकरी मावा राज्यात आला तेव्हा मी नोकरीत नवा होतो. प्लॉटच्या बांधावर उभे राहून बघावे तर ऊस हिरवागार. आमचे त्या वेळचे साहेब मात्र बांधावर कधी थांबत नसत. पाच-सहा सऱ्या आत शिरायचे, पान उलटायचे आणि खालची बाजू दाखवायचे. पांढरा मावा तिथे बसलेला असे. "बांधावरून नोंद केलीस तर ती नोंद बांधाची, उसाची नव्हे," असे ते बजावत. हा धडा मी उसासाठी पाळला. घरच्या माणसासाठी मात्र विसरलो.

माझी मावशी त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. मूलबाळ नाही, काका वारलेले. आम्ही भाच्यांनी विचार करून तिला एका खाजगी वृद्धाश्रमात ठेवले. जागा पाहायला मीच गेलो होतो. फरशी चकचकीत, अंगणात तुळस, भिंतीवर देवांच्या तसबिरी. व्यवस्थापकांनी चहा पाजला. मी पंधरा मिनिटांत होकार दिला. पुढे आठ महिने दर दुसऱ्या रविवारी, आधी फोन करून, मी भेटीला जात असे. मावशीला धुतलेले लुगडे नेसवून ऑफिसात आणून बसवीत. व्यवस्थापक समोरच असत. "कशी आहेस?" म्हटले की ती म्हणे, "चांगलंय रे सगळं. तू नको काळजी करू."

एके दिवशी जळीत उसाच्या पंचनाम्याहून परत येताना रात्रीचे आठ वाजले. वाटेतच आश्रम होता, म्हणून न कळवता गेलो. फाटक उघडायला दहा मिनिटे लागली. आत दिवे मालवलेले. जेवणे साडेपाचलाच उरकलेली. सव्वीस म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला एकच मुलगी, तीही सकाळपासून कामावर. मागच्या दाराला कुलूप, आणि किल्ली घरी गेलेल्या व्यवस्थापकांकडे. मावशीची चादर ओली होती. कमरेखाली रुपयाएवढी जखम झालेली. मी विचारले, "अगं, सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "रात्री उठवायला कुणी नसतं बाबा. म्हणून मी चार वाजल्यानंतर पाणीच पीत नाही."

ती कामाची मुलगी रडायलाच लागली. तिच्यावर राग काढण्यात काही अर्थ नव्हता. सव्वीस माणसे आणि दोन हात, हा हिशेबच चुकीचा होता. तो हिशेब मी आठ महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. पंधरा दिवसांत मावशीला दुसरीकडे हलवले. जखम भरून यायला दोन महिने लागले.

कायद्यात काय आहे

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा केंद्राने २००७ साली केला. निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम असावा, असे त्याच्या कलम १९ मध्ये म्हटले आहे. या कायद्याखाली केंद्राने राज्यांना जे नमुना नियम दिले, त्यात झोपण्याच्या खोलीत माणशी साडेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८० चौरस फूट जागा धरली आहे. स्वयंपाकघर, जेवणाची खोली वगैरे मिळून माणशी बारा चौरस मीटर. खाट आणि कपाट ठेवून कुबडी घेऊन वळता यावे, एवढा हा हिशेब आहे. पाहायला जाताना खिशात टेप असू द्यावा. आपण सरीचे अंतर मोजतो, मग खोली मोजायला लाज कसली?

खाजगी आश्रमाच्या बाबतीत मात्र अडचण आहे. संस्थेची नोंद धर्मादाय कार्यालयात असते. रात्री किती माणसे कामावर असतात, हे त्या नोंदीवरून कळत नाही. अशा सर्व आश्रमांची नोंदणी व्हावी, त्यांना किमान दर्जा ठरवून द्यावा, यासाठी २०१९ साली लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडले गेले. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा बाद झाले. तेव्हा सरकारी तपासनीस येऊन पाहून गेला असेल, असे धरून चालू नये.

इंग्लंडमध्ये अशा गृहांची तपासणी करणारा स्वतंत्र आयोग २००९ पासून आहे. त्यांची तपासणी पुष्कळदा न कळवता होते. ते पाच गोष्टी पाहतात : माणूस सुरक्षित आहे का, उपचार-सेवेचा गुण येतो का, वागणूक मायेची आहे का, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे सोय होते का, आणि कारभार नीट आहे का. अहवाल सर्वांना वाचायला मिळतो. आपल्याकडे तसे होईल तेव्हा होईल. तोवर हे पाच प्रश्न आपणच विचारायला काय हरकत आहे?

आगीचे भय पहाटेचे

तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे मनोरुग्णांच्या एका गृहाला आग लागली. माणसे साखळीने बांधलेली होती. २८ जण गेले. १ जानेवारी २०२३ रोजी दिल्लीत ग्रेटर कैलास भागातील वृद्धांच्या केंद्राला आग लागून दोन वृद्ध स्त्रिया दगावल्या. तीही पहाटेचीच वेळ. अंधार, झोप आणि हाताशी माणसे कमी, अशा वेळी कुलूपबंद दार म्हणजे मरण. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. तो ज्या इमारतींना लागू आहे, त्यांना दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचे 'नमुना ब' प्रमाणपत्र द्यावे लागते. आश्रमात गेल्यावर हे प्रमाणपत्र दाखवायला सांगावे. नुसत्या भिंतीवरच्या लाल नळकांड्यावर जाऊ नये. त्यावरची भरल्याची तारीख वाचावी आणि ते चालवता कोणाला येते, हेही विचारावे.

पाहणी कशी करावी

१. निदान तीन वेळा जावे : सकाळी आंघोळीच्या वेळी, दुपारी जेवणाच्या वेळी आणि रात्री आठनंतर. त्यातल्या दोन भेटी न कळवता. रात्री आत घ्यायला का-कू केली तर कारण विचारावे. झोपमोड होते म्हणाले तर ते रास्त आहे. मग दारातून पाहू द्या म्हणावे.

२. रात्री किती माणसांमागे किती सेवक, हे विचारावे आणि हजेरीपत्रक पाहावे. अंथरुणाला खिळलेले किती, हेही विचारावे. दहा हिंडती-फिरती माणसे आणि दहा खिळलेली माणसे यांना लागणारे हात सारखे नसतात.

३. ऑफिसात चहा घ्यावा, पण आधी संडास-न्हाणीघर पाहावे. धरायला कठडा आहे का, कमोड आहे का, फरशी घसरडी आहे का, रात्री दिवा असतो का. म्हातारपणी अशा ठिकाणी घसरून पडले तर खुब्याचे हाड मोडू शकते.

४. खाटेवरून उठता न येणाऱ्यांना दर दोन तासांनी कूस बदलून देतात का, आणि त्याची नोंद ठेवतात का, हे पाहावे. आपल्या माणसाची पाठ, कंबर आणि टाचा दर भेटीत स्वतः पाहाव्यात.

५. औषधाच्या गोळ्या प्रत्येकाच्या नावाने वेगळ्या ठेवलेल्या असाव्यात. कोणी दिल्या, केव्हा दिल्या, याची वही असावी. डॉक्टर किती दिवसांनी येतात आणि रात्री तब्येत बिघडली तर गाडी कोणती, हे लिहून घ्यावे.

६. ताटातले एक घास खाऊन पाहावे. दात नसलेल्याला तेच जेवण देतात की मऊ करून देतात, हेही पाहावे. पाण्याचा तांब्या हाताशी आहे की कोनाड्यात, हे जरूर बघा.

७. तेथल्या दोन-तीन म्हाताऱ्यांशी व्यवस्थापक जवळ नसताना बोलावे. "रात्री हाक मारली तर कोण येतं?" एवढेच विचारावे.

ही यादी घेऊन गेले म्हणजे भांडायला गेले असे नाही. चांगला चालवणारा माणूस अशा प्रश्नांनी खुशच होतो. मावशी आज जिथे आहे, तिथल्या बाईंनी मला स्वतःहून रात्रपाळीचे पत्रक दाखवले. त्यांची फी थोडी जास्त आहे, कारण दोन माणसे रात्री जागी असतात. फी फार कमी असेल तर कुठे काटकसर झाली, तेही विचारावे.

ठेवल्यानंतर

बेणे लावले म्हणजे काम संपले असे आपण म्हणत नाही. भावंडांनी व भाच्यांनी मिळून पाळी लावावी, म्हणजे दर आठवड्याला कोणी तरी जाईल, आणि वार-वेळ ठरलेली नसावी. गावातील चार घरची माणसे एकाच आश्रमात असतील तर एकाने गेल्यावर चौघांची विचारपूस करावी. ज्यांना कोणीच भेटायला येत नाही, त्यांच्याशीही दोन शब्द बोलावेत. जिथे बाहेरच्या माणसांचा राबता असतो, तिथे हयगय लपवणे अवघड जाते.

काही गैर दिसले तर आधी व्यवस्थापकांना लेखी द्यावे व पोच घ्यावी. सुधारणा झाली नाही तर जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे अर्ज करता येतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत मदतीचा क्रमांक आहे. मारहाण किंवा जिवाला धोका दिसला तर वाट न पाहता ११२ वर पोलिसांना कळवावे.

मावशी आता रात्री झोपताना तांब्याभर पाणी उशाशी घेऊन झोपते आणि तहान लागली की पिते. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा तिने मला तो तांब्या मुद्दाम दाखवला. आठ महिने तिला ते पाणी मिळाले नाही, ते माझ्या बांधावरच्या पाहणीमुळे. आपल्यापैकी कोणावर तशी वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिले. पुढच्या अंकात पुन्हा उसाकडे वळू.

आपला,
ऊस विकास अधिकारी