जुनं तसंच ठेवावं की बदलावं? 'कट्यार'च्या निमित्ताने



एखादं गाजलेलं नाटक किंवा चित्रपट पुन्हा नव्याने आला की घरात दोन गट पडतात. एक म्हणतो, "अरे, जसं होतं तसंच करायला काय झालं?" दुसरा म्हणतो, "तसंच करायचं तर मग नवीन कशाला?" आपण आज हा प्रश्न एका खऱ्या उदाहरणावरून समजून घेऊ. उदाहरण आहे 'कट्यार काळजात घुसली'.

हे संगीत नाटक १९६७ साली रंगभूमीवर आलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे. पुढे २०१० मध्ये सुबोध भावे यांनी ते पुन्हा मंचावर आणलं. त्यात खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. आणि २०१५ मध्ये सुबोध भावे यांनीच दिग्दर्शित केलेला चित्रपट आला. म्हणजे एकच गोष्ट आपल्याकडे तीन वेळा आली.

माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तरुणपणी वसंतरावांना प्रत्यक्ष ऐकलेलं. चित्रपट लागला तेव्हा मी तिकिटं काढून आणली, तर म्हणाले, "तू जा. मला माझी कट्यार पुरेशी आहे." मला तेव्हा रागच आला होता. पण आता वाटतं, त्यांचा हट्ट अगदीच चुकीचा नव्हता. ज्याने मूळ आवाज कानाने ऐकलाय त्याला दुसऱ्याचा आवाज उपराच वाटणार. त्यांना भीती होती ती आपली आठवण कोणीतरी पुसून टाकेल याची.

आता चित्रपटात काय बदललं ते बघा. खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर, पंडितजी झाले शंकर महादेवन. गोष्ट सांगायला खुद्द कट्यारच बोलते, आणि तिला आवाज रीमा लागू यांचा. शंकर-एहसान-लॉय यांनी 'सूर निरागस हो'सारखी नवी गाणी दिली. त्यातल्याच 'अरुणि किरणी'साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण 'तेजोनिधी', 'सुरत पिया', 'घेई छंद' ही अभिषेकीबुवांची पदं काढून टाकली नाहीत. ती ठेवून बाजूला नवं उभं केलं. मला वाटतं, चित्रपट जमला तो इथेच.

गंमत अशी की, ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तेही एकेकाळी नवंच होतं. १८८२ च्या 'संगीत सौभद्र'मध्ये शंभराच्या वर पदं होती, रात्र रात्र प्रयोग चालत. अभिषेकीबुवांनी पदं आटोपशीर केली, चाली वेगळ्या बांधल्या. जुन्या नाट्यसंगीताच्या रसिकांपैकी काहींना तेव्हा तेही खटकलंच असणार ना?

आणि या नाटकात तर प्रश्नाचं उत्तर आधीच दडलंय. 'घेई छंद' हे पद दोन प्रकारे गायलं जातं. पंडितजींच्या घराण्याचं संथ, धानी रागातलं. खाँसाहेबांचं चपळ, सालगवराळीतलं. शब्द तेच, पण भाव अगदी निराळा! वर्गात मी दोन्ही लागोपाठ लावतो आणि मुलांना विचारतो, "यातलं खरं कोणतं?" मुलं गोंधळतात. सातवीतला एक पोरगा म्हणाला, "सर, दोन्ही खरी, पण दोघांची."

मग वाटेल ते बदललं तरी चालेल का? नाही. खाँसाहेबांची ईर्ष्या, सदाशिवाची लपून शिकण्याची धडपड आणि ती एक खून माफ असलेली कट्यार, यातलं काही काढलं तर नाव तेच राहील, गोष्ट राहणार नाही. चाली, कलाकार, वेशभूषा, सांगण्याची पद्धत यांना हात लावायला हरकत नाही. पण माणसं एकमेकांशी का वागतात, हे कारण बदललं की सगळंच कोसळतं. आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही हेच होतं बघा. आपण जुन्या नाटिकेत मोबाईल घालतो, विनोद घालतो, आणि शेवटी मूळ भांडण कशावरून होतं तेच विसरतो! मी स्वतः ही चूक केली आहे, म्हणून सांगतो.

हां, एक मात्र मान्य करावं लागेल. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी नाट्यगीत हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो चित्रपटामुळे. नुसती जुनी ध्वनिमुद्रणं लावली असती तर ती दोन मिनिटांत चुळबुळ करायला लागली असती. चित्रपट बघून आल्यावर त्यांनीच विचारलं, "सर, पहिल्यांदा कोणी गायलं होतं?" तेव्हा वसंतरावांचं ध्वनिमुद्रण लावलं, आणि वर्ग शांत बसला.

अण्णांनी पुढे टीव्हीवर चित्रपट पाहिला, मला न सांगता. आईने सांगितलं. मी विचारलं तर म्हणाले, "ठीक आहे. पण वसंतराव ते वसंतराव." आणि मग संध्याकाळभर 'सूर निरागस हो' गुणगुणत होते.