तोनेरचा निळा पाणवठा

फ्रान्समधल्या जुन्या खेड्यात शिरलात, तर चौकात दगडी कारंजे हमखास भेटते. त्याच्याजवळच अनेकदा कपडे धुण्यासाठी बांधलेला, छपराखालचा घाट असतो. त्याला तिथे ‘लाव्हार’ म्हणतात.

बर्गंडी प्रांतातल्या तोनेर या छोट्याशा गावातला असा पाणवठा पाहण्यासारखा आहे. त्याचे नाव ‘फोस दियोन’. ‘दियोन’ हा शब्द ‘दिवोना’वरून, म्हणजे दिव्य जलदेवतेच्या प्राचीन केल्टिक नावावरून आला. चुनखडीच्या कड्याखालून निळे-हिरवे पाणी सतत वर येते, सेकंदाला सरासरी सुमारे ३०० लिटर! तळाशी एक महाकाय सर्प राहतो, अशी लोककथा आहे. झऱ्याची भुयारे खोलवर जातात. त्यांचा शोध घेताना १९७४ मध्ये दोन पाणबुड्यांना प्राण गमवावे लागले.

अठराव्या शतकात लुई देओं यांनी या झऱ्याभोवती गोलाकार कुंड आणि छपराचा घाट बांधला. आयुष्याचा काही काळ पुरुष म्हणून आणि काही काळ स्त्री म्हणून जगलेला प्रसिद्ध मुत्सद्दी व हेर शव्हालिए देओं हा त्यांचाच मुलगा.

अशा घाटांवर बायका गुडघे टेकून कपडे धूत. राखेच्या पाण्यात भिजवलेले कपडे लाकडी थापीने बडवायचे आणि थंडगार पाण्यात पिळायचे. हिवाळ्यात हात बधिर होत. पण गावातली खबरबातही इथेच कळे. एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथींनी हाहाकार केला, तेव्हा स्वच्छतेकडे सरकारचे लक्ष गेले. १८५१ च्या कायद्याने सार्वजनिक स्नानगृहे आणि धुण्याचे घाट बांधायला अनुदान मिळू लागले.

पुढे घरोघर नळ आले, धुण्याची यंत्रे आली. बायकांचे कष्ट वाचले, ही मोठीच गोष्ट. घाट मात्र ओस पडले. आज कुठे कुठे त्यांच्या कठड्यांवर फुलझाडांच्या कुंड्या दिसतात.

पण दगड जपले म्हणजे वारसा जपला, असे होत नाही. चुनखडीच्या भेगांतून पाणी झरझर उतरते. मातीत ते जसे गाळले जाते, तसे इथे गाळले जात नाही. वरच्या शेतात जे फवाराल, ते खालच्या झऱ्यात येणारच. घाट बांधणाऱ्यांनी झऱ्याभोवती भिंत घातली. त्याची खरी राखण मात्र मैलोन्‌मैल दूरच्या शिवारात करावी लागते.