परदेशी कुशल कामगारांचे निर्गमन

उच्च शिक्षण किंवा तांत्रिक प्रावीण्य यांच्या बळावर यजमान देशाच्या श्रमबाजारात प्रवेश मिळविलेल्या परकीय नागरिकांनी त्या बाजारातून बाहेर पडणे. मायदेशी परतणे, तिसऱ्या देशात स्थलांतर करणे आणि त्याच देशात राहून रोजगाराला मुकणे, असे त्याचे तीन प्रकार संभवतात. तिसऱ्याकडे सहसा दुर्लक्ष होते. निर्गमनाचे कारण वेतनात शोधण्याचा प्रघात आहे. परंतु वेतनातील तफावत मोठी असतानाही ते घडते. निवासाच्या हक्काची अनिश्चितता हे कारण पुष्कळदा अधिक प्रबळ असते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे त्याचे ठळक उदाहरण होय.

तेथे १९९० च्या कायद्याने ‘एच-१बी’ हा तात्पुरत्या रोजगाराचा व्हिसा अस्तित्वात आला. त्याची कमाल मुदत सामान्यतः सहा वर्षांची असते. कायम निवासाचे रोजगाराधारित परवाने मात्र वर्षाला सुमारे १,४०,००० च असून त्यांत कामगारांचे कुटुंबीयही मोजले जातात. शिवाय कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक परवाने येत नाहीत. मग तो देश आइसलँड असो वा भारत. परिणामी भारतीय अर्जदारांची प्रतीक्षा कित्येक वर्षे, काही प्रवर्गांत तर दशके लांबते. २००० च्या कायद्यामुळे प्रतीक्षाकाळात व्हिसाची मुदत वाढवून मिळते खरी, पण त्यामुळे टांगणीच लांबते. नोकरी बदलल्यास नव्या मालकाला कायम निवासाची बरीचशी प्रक्रिया पुन्हा करावी लागते. नोकरी गेल्यास, २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार, दुसरी सोय लावण्यास फार तर ६० दिवस मिळतात. मुले २१ वर्षांची झाली की, काही तांत्रिक सवलती सोडल्यास, त्यांचा आश्रित म्हणून राहण्याचा हक्क संपतो. दहा-पंधरा वर्षे स्थिरावलेले कुटुंब अशा वेळी हलते.

वर उल्लेखिलेला तिसरा प्रकार प्रामुख्याने पत्नींच्या बाबतीत आढळतो. आश्रितांच्या ‘एच-४’ व्हिसावर रोजगाराची मुभा नव्हती. २०१५ मध्ये ती काही अटींवर आणि काहींनाच मिळाली. पुण्या-मुंबईहून पतीसमवेत गेलेल्या अनेक अभियंता स्त्रियांची कारकीर्द येथेच खंडित झाली.

इतर देश या अनिश्चिततेचा लाभ घेतात. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने एच-१बी धारकांसाठी खुले कार्यपरवाने देऊ केले, तेव्हा १०,००० अर्जांची मर्यादा दोन दिवसांच्या आत पूर्ण झाली. मायदेशी परतणाऱ्यांच्या बाबतीत वृद्ध आईवडील, मुलांचे शिक्षण आणि बंगळूर, हैदराबाद, पुणे येथील संगणकउद्योगाची वाढ ही कारणेही असतात.

परतणाऱ्याला आर्थिक झळही बसते. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा निधीसाठी वेतनातून कपात होते, परंतु निवृत्तिवेतनाच्या पात्रतेस साधारणतः दहा वर्षांचे अंशदान लागते. सहा वर्षांनी परतणाऱ्यास ही रक्कम सहसा परत मिळत नाही. जर्मनीसारख्या देशांशी भारताने याविषयी करार केले आहेत. अमेरिकेशी असा करार अद्याप झालेला नाही.