दान हाताने भरा



गेल्या कोजागिरीला आपल्या कार्यक्रमात तिघांनी मला विचारलं, "तुझ्या गेमचं कुठवर आलं?" मी "चालू आहे" म्हणाले आणि मसाला दुधाचा पेला घेऊन सटकले. तीन वर्षं माझं हेच उत्तर होतं. आता गेम पूर्ण झालाय, म्हणून खरं उत्तर लिहिते.

गेम म्हणजे आपला सारीपाट. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजीचा जुना कापडी पट आहे. चार पट्टे, प्रत्येकात 24 घरं, एकूण 96. आजी लहानपणी इंदूरला तिच्या धाकट्या भावाबरोबर खेळायची. आता दोघंही ऐंशीच्या पुढे, प्रवास जमत नाही. 2022 च्या गणपतीत तिने विचारलं, "मोबाइलवर त्याच्याशी डाव मांडता येईल का गं?" मी दिवसा एका कंपनीत हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिते. म्हटलं, "सोपं आहे. दिवाळीपर्यंत देते."

ती दिवाळी गेली. पुढचीही गेली.

एकटीने गेम करायचा म्हणजे रोज रात्री दहा ते एक या वेळात प्रोग्रामरही मीच, चित्रकारही मीच आणि कवड्यांचा आवाज हवा म्हणून पंखा बंद करून घामाघूम होत रेकॉर्डिंग करणारीही मीच. कोड त्यातल्या त्यात सोपा. सोंगट्यांचे चार रंग ठरवायला मला तीन आठवडे लागले, कारण "बास, छान आहे, पुढे चल" म्हणणारं शेजारी कुणी नव्हतं.

मग मराठी अक्षरं. मी गोडो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरत होते. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी नीट जुळायची नाही. 'किती' लिहिलं की पहिली वेलांटी 'क'च्या मागे जाऊन बसायची, जोडाक्षरं सुटी व्हायची. मार्च 2023 मध्ये चौथी आवृत्ती आली आणि अक्षरं जागेवर बसली, पण जुना बराचसा कोड पुन्हा लिहावा लागला. सहा महिन्यांचं काम पुन्हा पहिल्या घरात!

कवड्यांनीही धडा शिकवला. मी प्रत्येक कवडी नाण्यासारखी धरली होती, उपडी-उताणी पडायची शक्यता निम्मी-निम्मी. आजी चार डाव खेळली आणि म्हणाली, "ह्या कवड्या खऱ्या नाहीत. अशी दानं पडत नाहीत." तिचं बरोबर होतं. कवडीची एक बाजू फुगीर, दुसरी चपटी; ती नाण्यासारखी कशी पडेल? शेवटी जमिनीवर बसून तिच्याच कवड्या शेकडो वेळा टाकल्या, वहीत मांडल्या आणि त्यावरून गणित सुधारलं.

खरी हार मात्र पुढे होती. दोन गावांतले दोन फोन जोडायचे. नेट गेलं तर डाव कुठे थांबला, दान कुणाच्या फोनवर पडलं, परत आल्यावर सोंगटी कुठे? मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळी माणसं असतात. मी सात महिने झगडले. दर आठवड्याला एक चूक काढायची आणि दोन नव्या सापडायच्या. ऑफिसात डुलक्या, घरी चिडचिड. एका रात्री ठरवलं, हा भाग काढून टाकायचा. पण आजीने तेवढंच तर मागितलं होतं! तिला सांगायला चार दिवस धीर झाला नाही.

सांगितलं तेव्हा ती सुपारी कातरत होती. म्हणाली, "एवढंच? अगं, कवड्या माझ्याकडे आहेत, त्याच्याकडेही आहेत. आम्ही फोनवर दान सांगू. तुझ्या पटावर तेवढं दान भरायला जागा कर."

'दान हाताने भरा' हे बटण मी दोन संध्याकाळींत बनवलं.

हे मी आधीच का विचारलं नाही? कारण एकटीने करतेय याचा मला अभिमान होता. 'स्टारड्यू व्हॅली' हा गेम एरिक बरोन याने साडेचार वर्षं खपून एकट्याने केला आणि 2016 मध्ये आणला, ही गोष्ट मला पाठ होती. त्या काळात घरखर्चाला त्याची जोडीदारीण हातभार लावत होती, हे मात्र मी वाचून विसरले होते.

पुढे प्ले स्टोअरनेच मला खोलीबाहेर काढलं. 25 डॉलर भरून खातं उघडलं, तर नियम असा की नव्या वैयक्तिक खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. मी मंडळाच्या गटावर निरोप टाकला. तुमच्यापैकी नऊ जण आलात, उरलेले चुलत-मावस भाऊबहीण. माझ्या लक्षात न आलेल्या चुका तुम्ही पहिल्याच दिवशी काढल्यात. त्यातली मोठी म्हणजे चष्मा न लावता अक्षरं वाचता येत नव्हती!

तुमच्यापैकी कुणाला गेम करायचा असेल तर तीनच गोष्टी सांगते. नोकरी किंवा शिक्षण लगेच सोडू नका. पहिला गेम महिन्याभरात संपेल एवढा छोटा घ्या. आणि महिन्यातून एकदा अर्धवट काम कुणाला तरी दाखवा, लाज वाटली तरी.

गेममधून अजून एक रुपया मिळालेला नाही. पण रविवारी दुपारी चार वाजता आजी फोन स्पीकरवर ठेवते. पलीकडून मामाआजोबा ओरडतात, "पंचवीस!"

"त्यांनी खरंच पंचवीस टाकले कशावरून?" मी एकदा विचारलं.

"नसतीलच टाकले," आजी सोंगटी सरकवत म्हणाली. "लहानपणापासून लबाड आहे तो."